विजेत्यांच्या यादीत निनाद

रविवारचा पेपर आला आणि ह्यांचं बूड खुर्चीत टेकेना. शब्दकोड्याच्या विजेत्यांत आमच्या निनादचं नाव छापून आलं होतं, पुढे पत्ता आमच्याच घराचा.

"त्याच्या नावानं कशाला पाठवलंत?" मी चिडलेच. बरोबर उत्तरांतून चिठ्ठ्या टाकून विजेते काढतात, म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या नावानं कोडं पाठवायची ह्यांची जुनी खोड. पण निनाद लग्नावरून भांडून नाशिकला गेल्यापासून ह्याच माणसानं त्याचं नाव घरात काढू दिलं नव्हतं.

"सवयीनं लिहिलं गेलं," असं पुटपुटत हे दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

दुपारी फोन वाजला. मी हात पुसेपर्यंत ह्यांनी झडप घालून उचललासुद्धा.

"बाबा, मित्रानं पेपरचा फोटो पाठवलाय. मी कधी कोडं सोडवलं?" निनादचा आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला.

"तुला बक्षिसात इस्त्री लागलीय," हे म्हणाले. मग घसा खाकरला. "पण ती घ्यायला इथल्या ऑफिसात स्वतः यावं लागतं. नियम आहे तसा. तिलाही घेऊन ये."

पलीकडून "बरं" ऐकू आलं.

मी पेपर हातात घेतला. नावांच्या खाली ठळक छापलं होतं, 'बक्षिसे घरपोच पाठवली जातील.' ते पान मी फळीवर अंथरलं आणि नेमका त्या ओळीवर डाळीचा डबा ठेवून दिला.