दातांत धरलेला दोरा

"मूग गिळलेस का गं? हजर म्हण मोठ्यानं." शाळेतल्या बाईंचा तो आवाज शालनला अजून ऐकू यायचा. बारावी झाली, लग्न झालं आणि हजेरीच सुटली.

आता तिचं गल्लीत पार्लर होतं आणि कॉलेज मोबाईलमध्ये. लेकरं शाळेत धाडायची, सासूबाईंचं जेवण झाकून यायची आणि गिऱ्हाइकांच्या भुवयांच्या कमानी कोरता कोरता एका कानानं इतिहास ऐकायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "गाणी लावलीत." या वयात कॉलेज म्हटलं तर गल्ली हसेल, ही धास्ती.

आज तोंडी परीक्षा होती, तीही मोबाईलवरच. शालनची पाळी दुपारची, पण मॅडमनी तिला आधीच पुकारलं. त्या वेळी खुर्चीत तोडकरकाकू, म्हणजे गल्लीचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्यांची एक भुवई झालेली, दुसरी अर्धी. शालनच्या दातांत दोरा. ती दचकली, इअरफोनची वायर ओढली जाऊन निसटली आणि मोबाईल पार्लरभर बोलू लागला, "शालन ढोबळे आहेत का? नसतील तर गैरहजर लावते."

काकूंनी डोळे उघडले. आरशात दोघींची नजरानजर झाली.

"तुझ्या गाण्याची चाल काही बरी नाही गं," काकू म्हणाल्या. "पण बाई तुलाच बोलावतायत. बोल जा. मी बसते अर्ध्या भुवईवर."

शालननं दातांतला दोरा सोडला.

"हजर, बाई," ती म्हणाली, पलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.