धडा

"जाळून पाहिलंत?" ठकीनं विचारलं.

"पाहिलं." बाबांनी चॉकलेटचा बार तिच्यासमोर ठेवला. "वेष्टनावर छापलंय दोनशे पन्नास कॅलरी. प्रत्यक्षात निघाल्या एकशे साठ."

"एवढा फरक?"

"साखर कमी, हवा जास्त. छापायला कुणाच्या बापाचं काय जातं?"

"आणि वेष्टनाचा धडा केला होतात ना?"

"धडा केल्याशिवाय मी वजन करीन का, ठके?"

रिकाम्या भांड्याचं वजन आधी वजा करायचं आणि मगच आतल्या मालाबद्दल बोलायचं, याला जुने दुकानदार धडा करणं म्हणत. प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला बाबा पहिल्यांदा तेच शिकवत. अन्नाचा तुकडा पोलादी भांड्यात जाळायचा, भोवतालचं पाणी किती तापलं ते पाहायचं आणि त्यावरून कॅलरी काढायच्या, हा त्यांचा रोजचा उद्योग. छापील आकडा आणि राशिभविष्य यांना ते एकाच पंक्तीला बसवत.

लेकीनं बापाचा हा एक गुण नको तितका उचलला होता. लहानपणी तिला बाहुल्यांचं वेड नव्हतं. प्रयोगशाळेनं मोडीत काढलेली पितळी वजनं बाबांनी घरी आणली, तेच तिचं कुटुंब झालं. पाचशे ग्रॅमचे आजोबा, दोनशे-दोनशेचे आई आणि बाबा, आणि शंभराची इवलीशी ठकी. आता ती सतरा वर्षांची होती. आई गेल्यापासून तिचं जेवण आटत आटत चमच्यावर आलं होतं. बाबांनी स्वतः जाळून पाहिलेलं असेल, तेवढंच तिच्या घशाखाली उतरे.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "तिचं हृदय थकलंय. महिनाअखेरपर्यंत किलोभर वजन वाढलं नाही, तर मी तिला दाखल करून घेणार. मग ती रडो की ओरडो."

रुग्णालयाचं नाव काढताच ठकी पांढरीफटक पडे. तिची आई तिथं गेली होती ती चालत, स्वतःची पिशवी स्वतः घेऊन. आणि परत आली नव्हती.

ठकीनं बारचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. बाबा खिडकीबाहेर पाहत असल्याचं दाखवत राहिले. तिनं उरलेला बार उचलला.

"हा खोलीत खाते. शिवता शिवता."

"स्वेटरची कड परत उसवली?"

"जुनी लोकर आहे, बाबा. जीव धरत नाही."

आईचा तो गुडघ्यापर्यंतचा स्वेटर तिच्या अंगावरून उतरत नसे. तिला सतत थंडी वाजे. त्या ढगळ लोकरीत तिचा फक्त चेहरा तेवढा दिसे. थोड्या वेळानं तिनं वेष्टन आणून दिलं, नीट चौकोनी घडी घातलेलं.

एकशे साठ हा आकडा शुद्ध थाप होती. खरा आकडा होता दोनशे बासष्ट, छापलेल्याहूनही थोडा जास्त. मोजलेला आकडा बदलून सांगण्याची बाबांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

"सर, तुम्ही आणि थापा?" शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी डोळे विस्फारले होते. "सूर्य कुठं उगवलाय ते बघायला हवं."

"दोनशे बासष्ट म्हटलं तर ती खात नाही. एकशे साठ म्हटलं तर खाते. हा प्रयोगाचा निष्कर्ष आहे, बाई. मला आवडतो की नाही, हा प्रश्नच नाही."

निष्कर्ष दर रविवारी वजनकाट्यावर उमटत होता. ठकी स्वेटर गुंडाळून घेत, दात वाजवत काट्यावर चढे. आधी जेमतेम शंभर ग्रॅम वाढले. पुढच्या वेळी त्याहून बरेच. बाबा काटा शून्यावर आहे का ते पाहत, पुन्हा चढायला लावत, दोन्ही आकडे जुळले की मान डोलवत. तिचे गाल मात्र भरले नव्हते. पण गालांवरून अंदाज बांधणाऱ्यांतले ते नव्हते.

शेवटच्या रविवारी आकडा स्थिरावला तेव्हा ठकीच आधी बोलली.

"बघा, बाबा. किलोभर."

"किलोभर," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोनकडे वळले.

"नक्की ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मला तिचा चेहरा काही वेगळंच सांगत होता."

"चेहऱ्याला एकक नसतं, बाई. काट्याला असतं. आणि मोजणं हा माझा पेशा आहे."

"बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला. मग तिच्यासाठी राखलेली खाट दुसऱ्या पेशंटला देते."

"द्या, खुशाल द्या."

फोन ठेवून ते बाहेर आले. ठकी भिंतीचा आधार घेत अंघोळीला गेली होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. जेवणाच्या टेबलाशी, खुर्चीच्या पाठीवर, स्वेटर टाकलेला होता. खालची दुमडलेली कड एका टोकाला उसवून लोंबत होती.

बाबांनी मनाचा धडा केला. ती बाहेर आली की खरा आकडा सांगून टाकायचा. रागावेल, रडेल, बोलणं टाकेल. पण किलोभर ताकद आता तिच्या अंगात होती, तेवढं तिला सोसवेल. तोवर ही कड आपणच शिवून ठेवावी. त्यांनी सुई ओवली आणि स्वेटर टेबलावर ओढून घेतला.

लोंबणारा धागा जरासा ताणला गेला, आणि कडेतून एकामागून एक टेबलावर येऊन पडले आजोबा, बाबा, आई आणि सगळ्यांच्या शेवटी, इवलीशी ठकी.