साहेब येणार म्हणून

गळक्या छताला निधी मिळावा म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी वस्तीतून सह्या गोळा केल्या, तीन वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे साहेब पाहणीला यायला तयार झाले. मग अख्खी वस्ती कामाला लागली. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर पसारा दाखवतं का कुणी? एका गवंडी पालकानं छताच्या भेगा बुजवल्या, आयांनी भिंती रंगवल्या. “आधी गळतीखालच्या बादल्या दडवा!” बाई ओरडल्या. साहेब आले. छताकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं. “मुलांनो, काही अडचण?” “नाही, साहेब!” बाईंनी आठवडाभर घोटून घेतलेलं उत्तर एका सुरात आलं. साहेबांनी शेरा लिहिला: “शाळा उत्तम. निधीची गरज नाही.” गाडी गेल्यावर गवंडी पुटपुटला, “बाई, माझं सिमेंट महिनाभरही टिकायचं नाही.” बाईंनी कपाट उघडलं. अकराच्या अकरा बादल्या आयांनी घासूनपुसून लख्ख केल्या होत्या.