तिघी जावा आणि आठ मिनिटं

“दोन ओळी लिहायच्या,” साहेब म्हणाले. “काल दुपारी या दालनातली घड्याळं आठ मिनिटं पुढे होती. खाली सही. झालं.”

कोरा कागद टेबलावर पडला होता. घड्याळबाईनं त्याला हातसुद्धा लावला नाही.

तिला सगळे घड्याळबाईच म्हणत. दालनात कपाटांच्या रांगांमधून संगणकांची चार हजार यंत्रं घुमत होती. त्या सगळ्यांची वेळ एक राखायची, केसाएवढा फरक पडू द्यायचा नाही, हे तिचं काम.

काल दालनाचं थंड पाणी बंद झालं आणि तापून दोन रांगा जळाल्या. पाणी बंद करा, असा साहेबांचा फोन आला दोन वाजून दहा मिनिटांनी. त्याची नोंद टेलिफोनवाल्यांकडे. तिथं साहेबांचा हात पोचत नव्हता. गारवा सांभाळणाऱ्या काकांनी झडप फिरवली ती दोन चौदाला, तशी यंत्रांनी नोंद केली होती. पण दालनाची घड्याळंच आठ मिनिटं पुढे होती म्हटलं, की दोन चौदाचे होतात दोन सहा. म्हणजे फोन येण्याआधीच म्हाताऱ्यानं आपल्या मनानं पाणी तोडलं. तीन वाजता तपासनीस येणार होते. त्यांच्यासमोर कुणाची तरी नोकरी जाणार होती, आणि साहेबांना ती आपली नको होती.

गारवाकाका दाराशी उभे राहून हातातला पाना रुमालानं पुसत होते. पुसून पुसून त्याचा आरसा झाला होता.

“दे लिहून, पोरी,” ते म्हणाले. “माझं काय, पिकलं पान. तुझी लेक अजून शाळेत जाते. माझ्यापायी तू कशाला हात पोळून घेतेस?”

“तुमच्यासाठी कोण करतंय, काका?” ती म्हणाली. “नऊ वर्षं सांभाळतेय मी यांना. आठ मिनिटं? अहो, आठ श्वास कधी पुढे गेली नाहीत.” मग साहेबांकडे वळली. “खोटं बोलायचं तर माझ्याबद्दल बोला, साहेब. माझ्या घड्याळांबद्दल नाही.”

साहेब हसले. “चार हजार यंत्रं आहेत, बाई. एकालाही तोंड नाही. बोलणारी तू एकटी.”

“मग मला कशाला विचारता? त्यांनाच विचारा.”

भिंतीलगतच्या जाळीच्या कपाटात तीन मुख्य घड्याळं होती. ती त्यांना तिघी जावा म्हणायची. थोरली, मधली, धाकटी. वेळ एकाच्या हाती द्यायची नाही, असा तिथला नियम. म्हणून थोरलीची किल्ली साहेबांकडे, मधलीची बाईकडे, धाकटीची शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या इमारतीत. यंत्रानं तिघींना विचारावं, तिघींनी मोहोर लावून सांगावं. मोहोर नसेल ते ऐकू नये. एकीचं दोघींशी जुळलं नाही, तर तिला बाजूला बसवावं. एरवी तीन जावांचं एकमत म्हणजे नवलच. इथं नऊ वर्षं होत होतं. नियमाच्या कागदावर सही साहेबांचीच होती. वाचला मात्र नव्हता.

तीनला चार मिनिटं कमी असताना साहेबांनी खिशातून किल्ली काढली.

“तू नकोच लिहू. घड्याळं कशी पुढे पळतात, ते तपासनिसांना डोळ्यांनीच दाखवतो.”

“साहेब, थोरलीला हात लावू नका.”

“आता घाबरलीस?”

“तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.”

त्यांनी किल्ली लावली आणि वेळ पुढे ढकलली. आठ मिनिटं. थोरलीच्या काचेवरचे आकडे टुणकन उडी मारून पुढे जाऊन बसले. साहेबांनी वळून दालनाच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. तिथली वेळ जागची हलली नव्हती. यंत्रं जात्यासारखी एका लयीत घुमत राहिली.

मग पडद्यावर एक लाल ओळ उमटली. घड्याळ एक, आठ मिनिटं पुढे. बाद. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. ओळींमागून ओळी, पडदा पुरेना. एकेक यंत्र मोहोर लावून आपली नोंद करत होतं. शेवटी थोरलीनंही आपली ओळ लिहिली. वेळ बदलली. किल्ली, मुख्य व्यवस्थापकांची.

काकांचा रुमाल थांबला. “बाद म्हणजे काय गं, पोरी?”

“थोरली खोटं बोलली, काका. बाकीच्यांनी ऐकलं नाही.”

साहेबांनी घाईघाईनं आकडे मागे ओढले. थोरली पुन्हा खरं बोलू लागली. ओळी मात्र होत्या तिथंच होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. तपासनीस वेळेचे पक्के होते.

“पूस हे,” साहेबांचा आवाज एकदम खाली आला. “आत्ताच्या आत्ता पूस.”

घड्याळबाईनं टेबलावरचा कोरा कागद उचलला, नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात ठेवला.

“चार हजार जणांनी लिहून दिलंय, साहेब,” ती म्हणाली. “मोहोर लावून. कुणापासून सुरुवात करू?”