चार भिंतींतला टाहो

रिवाजाप्रमाणे अ‍ॅविसच्या नवजात बाळाचं रडणं चार भिंतींच्या आत साक्षीदारांनी ऐकलं, तरच तिच्या वडिलांची जहागीर तिच्याकडे राहणार होती. नाहीतर सगळी फल्ककाकाची. म्हणूनच तिच्या नवऱ्याला फाटकातच कापून फल्क थेट बाळंतिणीच्या खोलीत घुसला होता. तलवार अजून ओली होती.

पडद्यापलीकडे शेजारचे सरदार कान टवकारून बसले होते.

बाळ आलं. ओठ विलगले. तेवढ्यात फल्कने सुईणीला भिंतीवर आपटलं आणि आपला रुंद पंजा त्या इवल्याशा तोंडावर दाबला. अ‍ॅविसने त्याच्या मनगटाचा कडाडून चावा घेतला, रक्त तिच्या हनुवटीवरून ओघळलं, पण पंजा हलेना. हलला तेव्हा बाळ निळं पडलं होतं.

"चाव पोरी, हवं तितकं चाव," फल्क हसला. "जमीन माझीच."

"काका, देव बघतोय!"

"बघू दे की. त्याला साक्षीला कुणी बोलावलंय?"

पलीकडून म्हातारे वॉरिन ओरडले, "काय हो फल्क, रडलं का बाळ?"

फल्कने पडदा सारला आणि 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

त्याच्या तोंडून टाहो फुटला. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा कोवळा, कळवळून फोडलेला टाहो.

सरदारांनी घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. "ऐकलं," वॉरिन पुटपुटले, "आम्ही ऐकलं."

फल्कने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, गळा ओरबाडून रक्तबंबाळ केला. टाहो थांबेना. तो गुडघ्यांवर कोसळला आणि तसाच रडत, रांगत अ‍ॅविसच्या पलंगाकडे निघाला.

अ‍ॅविसला पान्हा फुटला.