पातळ पांघरूण

"पांघरूण पातळ आहे," अधीक्षकांनी तक्रारपेटीतली चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि टेबलावर आपटली. "पातळ! परवा तपासणी, आणि हिला नेमकी आजच थंडी वाजली!"

समोर थोरली उभी होती. बालगृहात तिला सगळे थोरलीच म्हणत, कारण तिला एक धाकटी बहीण होती. धाकटी आता दुसऱ्या बालगृहात होती. मला तिच्याकडे पाठवा, असा अर्ज थोरलीने केला होता. पुन्हा पुन्हा केला होता. कारकुनाने दर वेळी तो विनंत्यांच्या फायलीत लावला. विनंतीला मुदत नसते, तक्रारीला असते. म्हणून विनंत्यांची फाईल फुगून दोरीत मावेना, आणि दारावरचा फळा मात्र चकचकीत होता : 'प्रलंबित तक्रारी – शून्य'. त्या शून्यावर अधीक्षकांचा फार जीव. शिपाई फळा पुसायला लागला की ते आतून ओरडत, "शून्याला हात लावू नकोस रे!"

मुलं त्यांना पाठीमागे निकाली सर म्हणत. तक्रार निकाली काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पद्धतही सोपी होती. नवं पांघरूण घ्यायचं तर दरपत्रकं मागवा, खरेदी समिती बसवा, समितीला चहा पाजा. मूल हलवायचं तर एक सही पुरे. तक्रार करणारं मूल दुसऱ्या बालगृहात गेलं की इथे तक्रारदार उरत नाही. तक्रारदारच नाही, तर तक्रार कुणाची? नळ गळतो म्हणणारा मुलगा असाच गेला. नळ अजून गळतो, पण कुणाची काही तक्रार नाही. आणि त्या दुसऱ्या बालगृहात अजून तक्रारपेटीच बसवलेली नव्हती, त्यामुळे तिथे सगळं आलबेल होतं.

पण तपासणीच्या तोंडावर आणखी एक बदली कागदावर दाखवणं अधीक्षकांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी आवाज मऊ केला.

"बाळ, चिठ्ठी मागे घे. गोडीत सांगतोय."

"नाही, सर. थंडी वाजते."

मुलींच्या खोलीवरची मावशी दारात उभी राहून ऐकत होती. ती तरातरा गेली आणि स्वतःच्या खाटेवरची जाड रजई घेऊन आली.

"घे गं बाई. मला म्हातारीला कुठे झोप येते! घे आणि मिटव एकदाचं."

अधीक्षकांचा चेहरा खुलला. कारकुनाने 'तक्रारदाराचे समाधान झाले' असं लिहायला पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

थोरलीने रजईवरून हात फिरवला. क्षणभर तिने ती छातीशी धरली. मग घडी नीट करून मावशीच्या हातात परत ठेवली.

"नको, मावशी."

"अगं, चांगली जाडजूड आहे!"

"म्हणूनच नको."

मावशीला वाईट वाटलं. अधीक्षक मात्र उसळून उठले. "बघितलंत? हिला पांघरूण नकोच आहे, हिला नुसती तक्रार हवीय! मागे एक अशीच होती. तिनेही पांघरुणावरूनच डोकं खाल्लं होतं माझं."

"सर, ती हिचीच—" कारकून म्हणाला.

"मध्ये तोंड घालू नका. तिला जिथे धाडलं तिथेच हिलाही धाडा. आत्ताच्या आत्ता!"

सही झाली. फळ्यावरचं शून्य वाचलं.

दुपारी गाडी फाटकाशी लागली. थोरली मांडीवर बोचकं घेऊन खिडकीशी बसली. मावशी पदराने डोळे पुसत होती. अधीक्षक कधी नव्हे ते फाटकापर्यंत आले. इतका मनस्ताप दिलेल्या पोरीला एक टोला हाणल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागलं नसतं.

"तिथली पांघरुणं आपल्यापेक्षा पातळ आहेत, माहीत आहे का? आरपार दिसतं त्यातून! आता बस कुडकुडत."

थोरली पहिल्यांदाच हसली.

"चालेल, सर. आम्ही दोघींची एकावर एक घेऊ."