माडीवरच्या खोल्या

"नीट पाहून घे माय. सरकारी वकील कायबी इचारते."

शुभम आईला माडीवर घेऊन आला. पार्बताबाई कठड्याला धरून हळूहळू चढत होती. बडनेऱ्याचं हे घर बांधून कितीतरी वर्षं झाली, पण माडीवर ती पहिल्यांदाच येत होती. तिचं अंथरूण मागच्या टिनाच्या खोलीत, फुलांच्या टोपल्यांजवळ असायचं.

"हे तुयी झोपाची खोली. हा पलंग तुया."

पार्बताबाईनं गादी दाबून पाहिली. "लयच मऊ हाये बाप्पा. मंग तुयी खोली कोनती?"

"मायी खोलीच नाही! मी खाली झोपतो म्हणून सांगजो."

शुभम सट्ट्याच्या धंद्यात पकडला गेला होता. जामीन मिळाला, पण घरावर जप्ती आली. घर आईच्या नावावर असलं तरी पैसा पोराच्या गुन्ह्याचा, असं सरकारचं म्हणणं. खरं तर घर उभं राहिलं होतं पार्बताबाईनं विकलेल्या शेवंती-झेंडूवर. पण 'म्या बांधलं' म्हणून शुभमनं गावभर मिरवलं होतं, आणि तेच आता गळ्याशी आलं होतं. बँकेतली खाती गोठली होती. घर गेलं की अंग टेकायला जागा उरत नव्हती. गेटवरच्या नोटिशीकडे न पाहता त्याला आत शिरता येत नव्हतं.

"तुमचा एवढासाही हक्क दिसला, तर घर गेलंच समजा," त्याच्या वकीलबाईंनी बजावलं होतं.

म्हणून कोर्टात शुभम शपथेवर बोलला, "घरात माझा काही हक्क नाही. आई राहू देते म्हणून राहतो."

मग पार्बताबाई उभी राहिली.

"आजी, बांधकामाचे पैसे कोणी दिले?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"म्या देल्ले जी. पहाटी फुलं अमरावतीच्या बाजारात नेत होतो. देवमन मिस्त्रीले इचारा, मजुरी कोनाच्या हातून भेटे."

मिस्त्री साक्षीला आलाच होता. त्यानेही तेच सांगितलं.

"आणि मुलगा कोणत्या हक्काने राहतो?"

शुभमनं आईकडे पाहिलं.

"हक्क काह्याचा जी? म्या राहू देल्लं म्हणून राह्यते."

निकाल लागला. जप्ती उठली. घर पार्बताबाईचं, त्यात मुलाचा कसलाही हक्क नाही, असं कोर्टानं म्हटलं.

बाहेर येताच शुभमनं मित्राला फोन लावला. "सुटलो लेका! संध्याकाळी माडीवर या सारे."

त्याने आटो थांबवला. पार्बताबाई आधी चढली, बसली आणि हातातली पिशवी तिने शेजारच्या जागेवर ठेवली.

"पिशवी उचल ना माय, बसू दे."

तिने पिशवी उचलली नाही. रोज भाजी काय करू, असं विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं,

"तू आता कोठी राहाशीन रे?"